दुसऱ्या पडद्यापाशी

४ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटे,

पत्ता आईने दिलेला नाही. तिच्या वहीतून मी गुपचूप उतरवून घेतला, तेव्हा तिच्यावर डाफरू नकोस. फोनवर तू मला बंद केलं आहेस आणि माझ्या ईमेलचं तू काय करतेस ते मला ठाऊक आहे, म्हणून हा कागद. कागद फाडायचा म्हटला तरी आधी हातात घ्यावा लागतो.

कामाचं बोलते. आईने रविवारी तुला "डोक्याची साधीच तपासणी" असं सांगितलं असणार. ती साधी नाही. महिनाभर डोकं दुखतंय म्हणत होती आणि मी, चोवीस वर्षं न्यूरो कॅथलॅबमध्ये काढलेली बाई, तिला गोळी घेऊन झोप म्हणत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. शेवटी तीच वैतागून म्हणाली, परक्यांची डोकी बघतेस, एकदा माझंही बघ.

डावीकडची मोठी धमनी मेंदूत शिरून जिथे दोन फाट्यांत फुटते, तिथेच फुगा आला आहे. नऊ मिलिमीटर, तोंड रुंद. फुटलेला नाही, पण वरच्या अंगाला एक छोटं टेंगूळ आहे. तुला त्याचा अर्थ मी सांगायला नको. मोठे सर म्हणाले, वाट बघण्यात अर्थ नाही, कॉइल भरून टाकू. सत्तावीस तारीख ठरली आहे.

आईला सगळं सांगितलं. मांडीतून एक नळी वर जाणार, तिच्यातून आणखी बारीक नळी, तिच्यातून केसाहून बारीक प्लॅटिनमची तार, आणि ती तार फुग्यात गुंडाळून बसवणार, म्हणजे रक्त आत घुसायचं थांबेल. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "डावीकडे म्हणजे बोलण्याची बाजू ना?" मी हो म्हटलं. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं ही बाई अजून पेनाने सोडवते. पेन्सिल घेऊन बसणाऱ्यांना ती माणसांत धरत नाही. मग म्हणाली, "जीव गेला तर गेला, शब्द जाता कामा नयेत." तेव्हा काय पणाला लागलं आहे ते तुला कळलंच.

एक सांगायचं होतं. तपासणीत धमन्यांत डाय सोडला तेव्हा मी काचेमागे होते. आजवर हजारो वेळा पाहिलंय, आधी काळोख, मग एक खोड, मग फांद्या, मग डहाळ्या, आणि चौथ्या सेकंदाला सगळं पुसलं गेलेलं. इतके दिवस ते कोणाचं तरी असायचं. त्या दिवशी ते आईचं होतं. आपल्या दोघींच्या जन्मवेळा, दूधवाल्याचे खाडे, माझ्या लग्नाची मोडलेली बोलणी, सगळं त्या फांद्यांवर जगतंय आणि ते सगळं मला चार सेकंदांत दिसून गेलं. स्टूल ओढून बसले आणि मास्तरांना सांगितलं, चप्पल घसरली. (मास्तर म्हणजे आमचे नवे टेक्निशियन. नवे म्हणजे पन्नाशीचे. प्रत्येक गोष्ट दोनदा समजावतात म्हणून मास्तर.)

मला उत्तर देऊ नकोस. सर फोटो पाठवतील, ते बघ आणि त्यांना काय ते लिही. त्या जुन्या प्रकरणाचा इथे संबंध नाही. तो विषय संपला आहे.

ताई


१३ फेब्रुवारी, गुरुवार

धाकटे,

तुझं पत्र यायची वाट बघत नव्हते, तरी रोज पेटीत हात घालून येते. पहिलं पत्रच तुला अजून पोचलं नसेल. इथून तुझ्यापर्यंत पंधरा दिवस लागतात असं पोस्टातली बाई म्हणाली, आणि वर विचारलं, "तिकडे फोन नाही का?" मी म्हटलं, फोन आहे, माणूस नाही. उगाच बोलले. तिने माझ्याकडे असं पाहिलं की पुढच्या वेळी दुसऱ्या खिडकीत जावं लागणार.

आईचं बरं चाललंय. रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या. दिवसातून चारदा मला विचारते, "तू आत असशील ना?" सर असतील, भूल देणाऱ्या डॉक्टरबाई असतील, म्हटलं तर म्हणते, ते सगळे ठीक, तू दुसऱ्या पडद्यावर असशील ना. शेजारणीलाही सांगून आली. मोठीचा डोळा असा आहे की सुईच्या नाकातून पलीकडचं गाव दिसतं. ही थाप तिने कुठून आणली कोण जाणे.

आज टेलरबाई तपासणीला आल्या होत्या.

एवढं लिहून पेन खाली ठेवलं होतं. चहा करून आले. त्या चांगल्या आहेत. आता बहुतेक शब्द सापडतात, वेळ लागतो एवढंच. "कात्री" म्हणायचं असलं की दोन बोटं हलवून दाखवतात आणि स्वतःच हसतात. उजव्या हाताने मशीनचं चाक फिरवता येतं, पण सुईत दोरा ओवता येत नाही. तो त्यांची सून ओवून देते. जाताना माझा हात धरून म्हणाल्या, तुमची बहीण कशी आहे. सहा वर्षं झाली, दर वेळी विचारतात. मी दर वेळी "मजेत" म्हणते. तू मजेत आहेस की नाही ते मला काय माहीत.

त्यांना तुझा राग नाही. हे तुला कोणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून लिहिलं.

आणखी एक लिहिणार होते. आज नको.

ताई


२५ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटे,

आज लिहायचंच आहे. हे तुला पोचेल तेव्हा आईचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. माझं डोकं ठिकाणावर आहे तोवर क्रमाने लिहिते. काही तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण मला ते सरळ रेषेत मांडून बघायचं आहे.

आपल्या खोलीची पद्धत तू विसरली नसशील. कॉइल आत ढकलणाऱ्याचे डोळे फुग्यावर. तार सोडायची वेळ झाली की नाही ते तो बघत नाही. ते दुसऱ्या पडद्यापाशी उभा असलेला माणूस बघतो. नळीवर एक खूण, तारेवर एक खूण. दोन्ही एकमेकींवर आल्या म्हणजे कॉइल पूर्ण बाहेर पडली. मग दुसऱ्या पडद्यावरचा माणूस मोठ्याने म्हणतो, "जुळली." ते ऐकल्याशिवाय बटण दाबायचं नाही. आणि "जुळली" म्हणण्याआधी समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून बघायचं, कारण नळी वाकलेली असली की एका बाजूने खुणा जुळल्यासारख्या दिसतात आणि जुळलेल्या नसतात.

टेलरबाईंच्या दिवशी मी एकाच बाजूने पाहिलं.

घाई नव्हती. भूक लागली नव्हती. कोणी माझं लक्ष वेधलं नव्हतं. मला खात्री होती, एवढंच. बघण्याआधीच खात्री होती. "ताईचा डोळा" म्हणून सगळे कौतुक करायचे, ते माझ्या डोक्यात गेलं होतं. मी "जुळली" म्हटलं, तू बटण दाबलंस, आणि त्याच क्षणी मी बाजूचा फोटो पाहिला. दोन खुणांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी फट होती. शेपूट नळीतच राहिलं होतं. तू नळी मागे घेतलीस तशी ती शेपटी धमनीत लोंबायला लागली, तिच्यावर रक्त गोठलं, आणि पुढचं सगळं तुला माझ्याहून जास्त पाठ आहे.

तू बटण दाबल्यावर मान वळवली होतीस. माझ्या पडद्याकडे पाहिलंस की माझ्याकडे, हे सहा वर्षांत मला ठरवता आलेलं नाही.

चौकशीत बाजूचा फोटो नव्हताच, कारण तो आपण साठवत नव्हतो. त्यांनी विचारलं, बटण कोणी दाबलं. तू म्हणालीस, मी. मला विचारलं, काही सांगायचं आहे का. मी मूग गिळून बसले, आणि ठपका तुझ्यावर आला. तुझ्या शिकण्याचं शेवटचं वर्ष होतं. माझी नोकरी कायम होती, घर माझ्या पगारावर चाललं होतं, अशी कारणं मी स्वतःला बरीच दिली. आज त्यातलं एकही लिहावंसं वाटत नाही. मी घाबरले, हे खरं आहे. तू सामान बांधत होतीस तेव्हा दारात उभी राहून तू मला विचारलंस, "ताई, तुला काही बोलायचंय?" मी म्हटलं, स्वेटर घेतलास का.

आता आईचं. परवा ती टेबलावर असेल आणि दुसऱ्या पडद्यापाशी मी असावं असा तिचा हट्ट आहे. मला ते पेलवेना. तीन दिवस जेवण गेलं नाही. मग काल संध्याकाळी तिलाच सांगितलं. ती पलंगावर बसून नखं कापत होती. सगळं ऐकून घेतलं, उरलेली तीन नखं कापली, आणि विचारलं, "धाकटीला कळवलंस?" मी म्हटलं, लिहिणार आहे. म्हणाली, "आधी सरांना सांग. मी काय, झोपलेलीच असणार."

आज सकाळी सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मला वाटलं होतं ओरडतील. ते एवढंच म्हणाले, "सहा वर्षं?" मग खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी होतीस तू, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं, आजही दाखवलं नाही, पण त्यांच्या पाठीकडे बघून मला ते कळलं. शेवटी म्हणाले की लेखी दे, ते मी पुढे पाठवीन. आणि परवा तू आत यायचं नाही. काचेमागे मागच्या खुर्चीत बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. दुसऱ्या पडद्यावर मास्तर राहतील.

मला हायसं वाटलं आणि लाजही वाटली. आईला सांगितलं तर म्हणाली, बरं.

क्षमा वगैरे शब्द मी या पत्रात मुद्दाम लिहिलेले नाहीत. ते लिहिले की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. तुझ्यावर आणखी काही टाकायचं नाही.

ताई


१ मार्च, शनिवार

धाकटे,

आता तुला सगळं माहीत आहे, तरी माझ्या बाजूने काय झालं ते ऐक. फोनवर तुला खोली दिसत होती, माणसं नाही.

सकाळी आठला आईला आत घेतलं. जाताना तिने मास्तरांना विचारलं, तुम्ही पूर्वी कुठे शिकवायचा. ते म्हणाले, कुठेच नाही. तिला ते पटलं नाही.

पहिल्या तीन कॉइल्स लोण्यासारख्या गेल्या. मास्तर दर वेळी दोन्ही बाजूंनी बघत होते, दोनदा बघत होते, आणि मग "जुळली, जुळली" असं दोनदा म्हणत होते. मी काचेमागे बसून खुर्चीची कड घट्ट धरली होती. चौथी कॉइल शेवटची, इवलीशी, तोंडाजवळची पोकळी भरायला. तीही नीट बसली. मास्तरांनी दोन्हीकडून पाहिलं, जुळली म्हटलं, सरांनी सोडली. कोणाचंही काही चुकलं नाही. मिनिटभर ती जागेवर राहिली. मग एका ठोक्याला ती थरथरली, पुढच्या ठोक्याला तिचं एक वेटोळं बाहेर झुकलं, आणि तिसऱ्या ठोक्याला ती फुग्यातून निसटून रक्ताबरोबर वाहत पुढे गेली. मधल्या धमनीत जाऊन आडवी पडली. बोलण्याच्या आणि उजव्या हाताच्या वाटेवर.

खोलीत कोणी ओरडलं नाही. मला वाटतं यातलं सगळ्यात मोठं आश्चर्य तेच आहे. सर म्हणाले, कोणी काही ओढायचं नाही. रक्त गोठू नये म्हणून डॉक्टरबाईंनी औषध वाढवलं, दाब थोडा चढता ठेवला. कॉइलच्या पलीकडच्या फांद्या अजून भरत होत्या, पण उशिरा, एकेक करून, नाइलाजाने आल्यासारख्या. सरांनी तारेचा फास मागवला. दोनदा प्रयत्न केला. कॉइल भिंतीला चिकटून पडली होती, फासात यायला तिचं टोकच वर नव्हतं. तिसऱ्यांदा हात पुढे केला आणि थांबवला. तिथली भिंत किती पातळ असते ते त्यांना माहीत आहे. मग ते म्हणाले, "धाकटीला फोन लावा."

मी खुर्चीत ताठ झाले. तू फोटो पाहिले होतेस, सरांना चार पानी उत्तर लिहिलं होतंस, निसटलेल्या कॉइल्स काढायचं काम तू तिकडे वरचेवर करतेस आणि त्या दिवशी फोन जवळ ठेव असं त्यांनी तुला सांगून ठेवलं होतं, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. कोण सांगणार? मास्तरांनी फोन पडद्यांसमोरच्या फळीवर हातमोज्यांच्या खोक्याला टेकवून उभा केला, चार्जर लावला, आणि स्पीकरमधून तुझा आवाज आला. सहा वर्षांनी. थोडा जाड झालाय आवाज. सर्दी झाली होती का?

तू भरभर विचारत गेलीस. किती वेळ झाला, मागे रक्त जातंय का, नळी कुठपर्यंत आहे. मग सांगितलंस की फास सोडा, जाळी न्या. गुठळ्या काढायची ती बारीक जाळी कॉइलच्या पलीकडे नेऊन उघडा, पाच मिनिटं काही करू नका, कॉइल आपणहून तिच्यात गुंतेल. मग ओढणारी जाड नळी जवळ आणा, आणि सगळं एकत्र, एका हाताने, मागे. सर तुझं ऐकत होते. ज्या माणसाने तुला नळी कशी धरायची ते शिकवलं तो माणूस मान डोलावून "हो, बरं" म्हणत होता, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता. माणसं एवढी मोठी असतात हे मी इतकी वर्षं त्याच खोलीत राहूनही पाहिलं नव्हतं.

मग तू म्हणालीस की अडचण येताना आहे. जाळी मागे येताना फुग्याच्या तोंडावरून जाणार, तिथे आधीच्या कॉइल्समध्ये अडकली तर सगळंच बाहेर ओढलं जाईल. आणि विचारलंस, "दुसऱ्या पडद्यावर कोण आहे?"

सर म्हणाले, मास्तर आहेत.

"ताई कुठे आहे?"

"काचेमागे. तिने मला मंगळवारी त्या वेळचं सांगितलं. म्हणून मी तिला..."

"मला ते त्याच दिवसापासून माहीत आहे, सर. तिला आत घ्या."

मी पत्र मंगळवारी टाकलं होतं. तुझ्यापर्यंत यायला त्याला अजून बारा-तेरा दिवस होते. तेव्हा तुला पत्रातून कळलेलं नव्हतं. तू तेव्हा मान वळवलीस ती माझ्या पडद्याकडे वळवलीस, फट पाहिलीस, आणि तशीच जाऊन "बटण मी दाबलं" म्हणालीस.

सर अडून बसले. ती आज मुलगी म्हणून इथे आहे, टेक्निशियन म्हणून नाही, असं म्हणाले. तू म्हणालीस, "मीपण मुलगीच आहे." सरांनी मला आत यायची खूण केली.

मी आत गेले. शिशाचा अॅप्रन मास्तरांनी मागून बांधून दिला. बाजूला सरकून त्यांनी मला जागा दिली आणि कानात दोनदा म्हणाले, सावकाश, सावकाश. मी आईकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उभी राहिले नसते. पडद्याकडे पाहिलं.

पाच मिनिटं. तू मोजत होतीस आणि कोणी हलत नव्हतं. मग सर ओढायला लागले. मी त्यांचे हात पाहिले नाहीत, पण पडद्यावर ते दिसत होते, एवढे सावकाश की हलतंय की नाही असा संभ्रम पडावा. कॉइल उठली. जाळीत मुटकुळं करून बसली आणि मागे निघाली. पलीकडच्या फांद्या एकदम भरल्या. डॉक्टरबाईंनी मोठा श्वास सोडला तो मला ऐकू आला.

फुग्याच्या तोंडापाशी आली. समोरून बघितलं, स्वच्छ, मोकळी. बाजूने बघितलं. फुग्यातल्या जुन्या कॉइलचं एक वेटोळं हललं, केसभर. आता, आतल्या कॉइल्स ठोक्यासोबत हलतातच. प्रत्येक ठोक्याला सगळं घरटं श्वास घेतल्यासारखं हलतं. म्हणून मी थांबले. एक ठोका पाहिला, दोन पाहिले. ते वेटोळं ठोक्यासोबत हललं, आणि मग सरांनी ओढलं तेव्हा दोन ठोक्यांच्या मध्येही हललं.

मी म्हटलं, "थांबा. अडकलंय."

सर थांबले. म्हणाले, मला मोकळी दिसतेय. मास्तर पुढे वाकून म्हणाले, मलाही. धाकटे, खरं सांगते, त्या क्षणी मला खात्री नव्हती. मला दिसलं होतं, खात्री नव्हती. पूर्वी माझ्याकडे नेमकं याच्या उलट असायचं.

तू म्हणालीस, "मला इथून फोनवर काही कळत नाही." मग जरा वेळाने म्हणालीस, "पण ती म्हणतेय ना, तर आहे."

सरांनी जाळी दोन मिलिमीटर पुढे ढकलली. वेटोळं परत जागेवर गेलं. अडकलं होतं. मास्तरांच्या तोंडून "अरे बापरे" निघालं, तेही दोनदा. सरांनी जाळी जाड नळीत निम्मी ओढून घेतली, तिचं फुगलेपण गेलं, आणि पुन्हा मागे आणायला सुरुवात केली. "आता?" त्यांनी विचारलं. मी समोरून पाहिलं, बाजूने पाहिलं, पुन्हा समोरून पाहिलं. तीन ठोके थांबले. मग म्हटलं, मोकळी. ते घरटं जसं होतं तसं राहिलं आणि त्याच्या केसभर खालून ती चोरटी निघून गेली, धमनीतून, मानेतून, छातीतून, मांडीतून बाहेर.

सरांनी ती गॉजवर ठेवली. मी वाकून पाहिली. नखाच्या कोरीत मावेल एवढी होती. एवढ्याशा तारेने आईचे सगळे शब्द अडवून धरले होते, आणि दोन देशांतल्या पाच माणसांनी श्वास रोखून ती परत आणली. मी नास्तिक बाई, तू जाणतेस. पण हात जोडले गेले. कशाला जोडले विचारशील तर सांगता येणार नाही. त्या बोटांना, त्या जाळीला, तुला, सगळ्यालाच.

तू म्हणालीस, जाग आली की आधी उजवा हात बघा. त्यानंतर धावपळ सुरू झाली. शेवटचे फोटो, नळ्या काढणं, मांडी दाबून धरणं. तुला कोणी धन्यवाद म्हटलं की नाही तेही मला आठवत नाही.

आईला जाग यायला वेळ लागला. सरांनी वाकून विचारलं, नाव सांगता का तुमचं. तिने डोळे उघडले, त्यांना नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "तुम्ही विसरलात का?" जीभ जड होती, पण शब्द पुरे होते, क्रमाने होते. सर खोलीबाहेर गेले. नाक शिंकरत होते असं मास्तर सांगतात. मी तिचा उजवा हात हातात घेतला. म्हटलं, आई, दाब. तिने दाबला. मी म्हटलं, परत. तिने एवढ्या जोरात दाबला की अंगठी रुतली.

काल मी लेखी जबाब दिला. त्यात तू बटण दाबलंस ते माझ्या सांगण्यावरून, हे पहिल्याच ओळीत आहे. चौकशी पुन्हा उघडेल, तोवर माझं काम कपाटात खोकी लावण्याचं. उद्या रविवार, टेलरबाईंकडे जाणार आहे. आत्तापासून पाय जड झाले आहेत. पण जाणार आहे.

आता राहिलं एकच. तुझ्यासमोर घडलेलं नाही, तुझ्या कानावर पडलेलं आहे, म्हणून लिहिते.

आईला वॉर्डात पोचवून मी खोली आवरायला परत आले. तिथे कोणी नव्हतं. दिवे अर्धे बंद होते, फरशी ओली होती. मास्तरांचा फोन हातमोज्यांच्या खोक्याला टेकून तसाच उभा होता. म्हटलं, उचलून त्यांना नेऊन द्यावा. उचलला तर पडद्यावर आकडे पळत होते. दोन तास चौदा मिनिटं, पंधरा सेकंद, सोळा. तुझ्या बाजूचा कॅमेरा छताकडे होता. पांढरं छत, एक पंखा, आणि कुठेतरी खुर्ची करकरली.

रिकाम्या खोलीचा आवाज ऐकत तू तशीच बसून होतीस. तुला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

मला "हॅलो" म्हणता येईना. म्हटलं, "दाबला. दोनदा दाबला. बोललीसुद्धा."

मग तू नाक ओढलंस, लहानपणी ओढायचीस तसं, बाहीने. आणि म्हणालीस, "ताई, तू काही खाल्लंस का?"

मी "हो" म्हणणार होते. सवयीने तोंडाशी आलंच होतं. मग म्हटलं, "नाही. कालपासून काही नाही."

ताई